पोरींना पडू द्या की!

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या बायकांच्या गप्पांचा विषय ठरलेला असतो. 'तुझीला कुठल्या क्लासला घातलंस?' कुणाची चित्रकलेला, कुणाची अबॅकसला, कुणाची पोहायला. कथ्थक, कीबोर्ड, हस्ताक्षर सुधार... यादी आता तोंडपाठ झालीय. पण यंदा आमच्या भिशीत एका मैत्रिणीनं जरा वेगळाच प्रश्न टाकला. तिची मुलगी सातवीत आहे. तिनं घरात जाहीर केलंय, "मला हाफ पाइप शिकायचंय." मैत्रीण म्हणाली, "मला आधी वाटलं, नळजोडणीचं काही आहे की काय! मग तिनं मोबाइलवर दाखवलं आणि पोटात गोळाच आला बघ. चाकाच्या फळीवर उभं राहून भिंतीवर चढायचं म्हणे!" सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "चार दिवसांचं खूळ, जाईल निघून." दुसरी म्हणाली, "हातपाय मोडून घेतला तर उद्या लग्नाला कोण उभं राहील?" आणि विषय भिशीच्या चिठ्ठ्यांकडं वळला.

मला मात्र पोरीचं ते वाक्य सोडेना. मी चौकशी सुरू केली. कोल्हापुरातल्या एका साध्या घरातल्या मुलीला हे खरंच शिकायचं असेल तर काही वाट आहे का? माझं उत्तर आहे, होय, आहे. सरळ नाही, थोडी आपली आपणच काढावी लागेल. आणि त्या वाटेतली सर्वांत मोठी धोंड पैशाची नाही, जागेचीही नाही.

आधी हाफ पाइप म्हणजे काय ते बघू. सिमेंटचा एखादा भला मोठा पाइप आडवा ठेवून लांबीत मधोमध चिरला, तर पन्हळीसारखा जो अर्धा भाग राहील तो हाफ पाइप. दोन्ही कडा बाक घेत वर गेलेल्या आणि मध्ये सपाट तळ. खेळाडू एका काठावरून फळीसकट खाली उतरते, तळातून सुसाट जाते, समोरच्या काठावर चढते, वळते आणि पुन्हा खाली. मोठ्या स्पर्धेत हे काठ साडेतीन-चार मीटर उंच असतात आणि वरचा थोडा भाग चक्क उभ्या भिंतीसारखा. मोबाइलवर आपण बघतो आणि घाबरतो, ते हे. पण शिकणारी पोर तिथं जातच नाही. तिच्यासाठी असतो तो मिनी रॅम्प, तीन फूट उंचीचा. म्हणजे साधारण आपल्या ओट्याएवढाच.

हा खेळ जन्मला तो थाटामाटात नव्हे, टंचाईत. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये दुष्काळ पडला. घरामागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. समुद्राच्या लाटांवर फळी चालवणाऱ्या पोरांनी त्या गोलसर तळाच्या रिकाम्या तलावांत चाकांची फळी घातली. कुणी वाळवंटात कालव्याच्या कामासाठी आणलेल्या अजस्र सिमेंट पाइपांत शिरलं. मग ते वळण आपल्या घरी असावं म्हणून पोरांनी परसात लाकडाचे रॅम्प ठोकले. त्या काळात गाजलेल्या झेफिर नावाच्या संघात एकच मुलगी होती, पेगी ओकी. मला ही गोष्ट फार आवडली. पाणी नाही म्हणून रडत न बसता कोरड्या तलावाचं मैदान करणारा हा खेळ आहे.

आता तुम्ही विचाराल, याला पुढं काही आहे का? दहावीला मार्क मिळतात का? आपला हा प्रश्न ठरलेला. तर ऐका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. तिथं 'स्ट्रीट' आणि 'पार्क' असे दोन प्रकार असतात. हाफ पाइप हा स्वतंत्र प्रकार तिथं नाही, पण पार्कमधल्या खोलगट भागांचा बाक याच जातीचा, त्यामुळं इथं शिकलेलं तिथं कामी येतं. त्या वर्षी स्ट्रीटचं सुवर्ण जपानच्या मोमिजी निशियानं घेतलं, वय वर्षं १३. पार्कमधलं रौप्य कोकोना हिराकीला, वय १२. ब्राँझ ब्रिटनच्या स्काय ब्राउनला, वय १३. पुढं २०२४ मध्ये पॅरिसला पार्कचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूनं जिंकलं, १४व्या वर्षी. ही अरिसा मूळची हाफ पाइपवरचीच. हवेत दोन पूर्ण गिरक्या, म्हणजे ७२० अंश, स्पर्धेत घेणारी ती पहिली मुलगी, २०२३ सालची गोष्ट. २०२४ मध्ये तिनं अडीच गिरक्या घेतल्या. हीच अडीच गिरकी स्पर्धेत पहिल्यांदा जमवणारा टोनी हॉक १९९९ मध्ये ३१ वर्षांचा बाप्या होता! आपल्याकडं ज्या वयात मुलीला 'आता मोठी झालीस, नीट बस' असं सांगायला सुरुवात होते, त्या वयात या पोरी जग जिंकतायत.

'ते परदेशात गं,' असं कुणी म्हणेल म्हणून आपल्या देशातलं सांगते. तमिळनाडूत महाबलीपुरमला कोळ्यांच्या वस्तीत कमली नावाची एक मुलगी. पांढरा फ्रॉक, पाय अनवाणी आणि रॅम्पवर फळी. तिचा तो फोटो टोनी हॉकनं जगाला दाखवला. २०१९ मध्ये तिच्यावर 'कमली' नावाचा माहितीपट आला आणि २०२० मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्या चित्रपटात मुलीइतकीच आई महत्त्वाची आहे. नवऱ्याविना, एकटीनं मुलं वाढवणारी बाई. लोक बोलत असताना तिनं लेकीला रॅम्पवर जाऊ दिलं. आईनं 'जा' म्हणणं हेच तिथलं सगळ्यात मोठं प्रशिक्षण होतं, असं मला वाटतं.

दुसरं गाव मध्य प्रदेशातलं, पन्ना जिल्ह्यातलं जनवार. तिथं २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभा केला. आदिवासी आणि यादव अशा दोन समाजांचं गाव. नियम फक्त दोन. शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही. आणि दुसरा, आधी मुली. फळी हवी असेल आणि समोर मुलगी उभी असेल, तर मुलानं फळी तिच्या हातात द्यायची. त्याच गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमध्ये नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. आणि आपल्या महाराष्ट्राचं म्हणाल, तर २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण श्रद्धा गायकवाडनं आणलं. आपल्याच राज्यातली पोर आहे हो ती!

बरं, मग कोल्हापुरात करायचं काय? मी जिथं जिथं विचारलं तिथं रोलर स्केटिंगचे वर्ग दाखवले गेले. शेजारच्या बेळगावात तर त्या खेळाची चांगलीच हवा आहे. पण ती रिंगणं सपाट. बाक असलेला रॅम्प काही कुणी दाखवला नाही. तरी सपाट जागा वाया जात नाही, कारण सुरुवात सपाट जागेवरच करायची असते. पहिले काही आठवडे रॅम्पचं नावसुद्धा काढायचं नाही. फळीवर उभं राहायचं, डावा पाय पुढं ठेवून बरं वाटतं की उजवा ते ओळखायचं, एका पायानं जमीन ढकलत जायचं, वळायचं, थांबायचं. यासाठी लागते ती गुळगुळीत कोब्याची मोकळी जागा. रविवारची रिकामी पार्किंग, शाळेचं पटांगण, काहीही. फळी घेताना मात्र एक बघा. खेळण्यांच्या दुकानातली हलकी प्लास्टिकची फळी नको आणि मधोमध वळणारी दोनच चाकांची नको. लाकडाचे सात थर चिकटवलेली, साधारण आठ इंच रुंद, चार चाकांची हवी. स्वस्त घेऊन दोनदा घेण्यापेक्षा दोघी-तिघींत मिळून एक चांगली घ्या.

त्यानंतर रॅम्प. आणि इथं मला एक गंमत कळली. रॅम्पवर पाय ढकलून वेग घेता येत नाही. मग फळी पुढं जाते कशी? तळाला आलं की गुडघे वाकवायचे आणि बाकावर चढताना अंग ताठ करत उभं राहायचं. असं दर फेरीला केलं की फळी प्रत्येक वेळी थोडी अधिक वर चढते. हे ऐकल्यावर मी म्हटलं, अगं हा तर आपला नागपंचमीचा झोका! झाडाला दोर बांधून, उभ्यानं, दोघी समोरासमोर. खाली येताना बसायचं, तळातून वर जाताना उठायचं, की झोका आपोआप फांदीला भिडतो. शास्त्र तेच. आपल्या आज्ज्या नऊवारी नेसून ते करत होत्या, आणि त्यांना कुणी 'हे बायकांचं काम नाही' म्हणालं नाही. तेव्हा 'आपल्यात असलं कुठं असतं' हे वाक्य कृपा करून बाजूला ठेवा.

झोका जमला की मग काठाच्या जरा खालीच फळीचं तोंड वर उचलून वळायचं. आणि सगळ्यात शेवटी 'ड्रॉप इन', म्हणजे काठावर उभं राहून खाली उतरणं. फळीची शेपटी काठावर पायानं दाबून धरायची, पुढचा भाग हवेत, आणि मग पुढच्या पायावर सगळा भार टाकून खाली. शिकवणारे सांगतात, इथं पोरं पडतात ती एकाच कारणानं. मनात भीती आली की अंग मागं झुकतं. मागं झुकलं की फळी पुढं निसटते आणि माणूस पाठीवर. पुढं झुकणारी उतरते. मोठा माणूस समोर उभा राहून दोन्ही हात धरत असेल तर पहिले काही प्रयत्न सोपे जातात. तो मोठा माणूस आई का असू नये?

आता मघाची धोंड. महिला मंडळाच्या कामानिमित्त मी शाळांमध्ये किशोरवयीन मुलींशी बोलायला जाते. आहार, पाळी, स्वच्छता, असे नेहमीचे विषय. हल्ली मी सुरुवातीला एक प्रश्न विचारते, "तुम्ही शेवटच्या कधी पडलात?" पाचवीतल्या मुली हात वर करून करून सांगतात. परवा पडले, काल पडले, ही बघा खपली. नववीच्या वर्गात तोच प्रश्न विचारला की शांतता. एकमेकींकडं बघतात, हसतात. मग एखादी म्हणते, "आता नाही पडत आम्ही." एकदा बाजूच्या वर्गातली मुलं आली होती, त्यांना विचारलं. ती लगेच पँटी वर करून गुडघे दाखवायला लागली! फुटबॉल, कबड्डी, गाडी घसरली, सगळा इतिहास गुडघ्यांवर लिहिलेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. नववीतली मुलगी पडत नाही, याचा आपण अर्थ लावतो की ती शहाणी झाली. मला वाटतं, तिनं पडण्यासारखं काही करणंच सोडलंय. आणि पडण्यासारखं काही करायचं सोडलं की नवं शिकणंही तिथंच थांबतं. सायकल, पोहणं, दुचाकी, इतकंच काय, चारचौघांत उभं राहून भाषण, सगळ्यात पहिल्यांदा पडावंच लागतं. मुलाला आपण पडायची परवानगी न मागता देतो. मुलगी पडली की मात्र पहिला प्रश्न 'डाग राहील का?' जखम दुखते का, हा दुसरा. लग्नाच्या बाजारात गुडघा कोण बघतो हो? पण भीती पिढ्यान्‌पिढ्यांची.

आणि हे फक्त घरात नाही. एका गृहसंकुलातली हकीकत सांगते. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात. चेंडू गाड्यांवर आपटतो, काच फुटते, लोक ओरडतात आणि विसरतात. तिथं एका मुलीनं आठवडाभर स्केटबोर्ड चालवला. आठव्या दिवशी तिच्या वडिलांना निरोप, 'आवाज होतो, फरशी खराब होते, आणि बरं दिसत नाही.' आवाजाचं समजू शकते, वेळ ठरवून घेता येते. पण ते तिसरं कारण? 'बरं दिसत नाही.' त्या एका वाक्यानं किती मुलींची मैदानं बंद झाली असतील! त्या मुलीची फळी आता पलंगाखाली आहे.

उलट, हा खेळ नवा आहे हाच आपला फायदा आहे. अफगाणिस्तानात काबूलला २००७ मध्ये ऑलिव्हर पर्कोविच नावाच्या माणसानं मुलांना स्केटबोर्ड शिकवायला सुरुवात केली, त्यातून स्केटिस्तान ही संस्था झाली. तिथं मुलींनी सायकल चालवणं लोकांना खपत नव्हतं. पण स्केटबोर्ड कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळं तो मुलींनी चालवू नये असा नियम करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही! मुली त्या फटीतून आत शिरल्या. त्यांच्यावरच्या माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. २०२१ मध्ये तिथली राजवट बदलली आणि मुलींच्या वाटेला काय आलं ते आपण जाणतोच. उघडी फट कायम उघडी राहत नाही, म्हणून म्हणते, आपल्याकडं या खेळावर अजून 'पोरांचा' असा शिक्का बसलेला नाही तोवरच आपल्या मुली तिथं उभ्या करा. कुस्तीच्या आखाड्यात शिरायला मुलींना किती वर्षं लागली, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आता रॅम्पचं बोलू. तो परदेशातून मागवावा लागत नाही. आपलं उद्यमनगर कशाला आहे? शेतीच्या अवजारांपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत सगळं जिथं घडतं, तिथं एक लाकडी-लोखंडी पन्हळ होणार नाही? मी माप काढून घेतलंय, तुम्हीही वहीत उतरवून घ्या. उंची तीन फूट. बाकासाठी सात फुटांची दोरी घ्यायची, एक टोक धरून दुसऱ्या टोकाला खडू बांधायचा आणि प्लायवर कंस काढायचा. मोठ्या रांगोळीचं वर्तुळ आपण दोऱ्यानं काढतो तसाच. त्या कंसावर कापलं की एका बाकाची लांबी पावणेसहा फुटांच्या आसपास येते. दोन बाक, मध्ये आठ फूट सपाट तळ आणि दोन्ही टोकांना उभं राहायला तीन-तीन फुटांचे ओटे. सगळं मिळून साधारण साडेपंचवीस फूट लांबी. रुंदी आठ फूट, कारण प्लायची शीट आठ बाय चारची येते आणि तुकडे वाया जात नाहीत. आत फासळ्यांसारखी चौकट, तिच्यावर आडव्या पट्ट्या जवळजवळ, त्यावर पातळ वॉटरप्रूफ प्लायचे दोन थर, म्हणजे ते बाकाबरोबर वळतात. वरच्या काठाला दोन इंची जीआय पाइप, काठापेक्षा किंचित वर आलेला. स्क्रूचं एकही डोकं वर राहता कामा नये. एवढी जागा, बस्स.

पावसाचं काय? कोल्हापूरचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर प्लायचा भुगा. ओल्या रॅम्पवर खेळणं धोक्याचंही. म्हणून तो तुकड्यांत बनवून घ्यावा, बोल्ट काढले की सुटणारा, सहा-आठ जणींना उचलता येणारा. आणि एक कल्पना सुचवू? आपल्या गावात मंगल कार्यालयं थोडी आहेत का? चातुर्मासात त्यांना फारसं काम नसतं आणि नेमका तोच आपला पावसाळा. वरती छप्पर, खाली गुळगुळीत फरशी. कार्यालयाच्या मालकांनी आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचे दिले तर पोरींचा सराव बाराही महिने चालेल. मालकीणबाईंना गाठा, त्यांना लवकर पटेल.

पैसा एकीनं घालायचा नाही. दहा घरं एकत्र आली की भिशीच्या हिशेबात बसतं. गल्लीतल्या तालीम मंडळालाही विचारायला हरकत नाही. उत्सवात डॉल्बीच्या भिंतीवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा हिस्सा या तीन फुटी भिंतीकडं वळला, तर कानही वाचतील आणि पोरीही खेळतील. तालमीनं पोरं घडवायची ही आपल्या गावाची रीतच आहे, आता त्यात पोरींची भर.

सुरक्षेत काटकसर नको. स्केटिंगचं हेल्मेट, ढोपराचे आणि कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, तळ सपाट असलेले बूट. पडायलाही शिकवावं लागतं, बरं का! रॅम्पवर तोल गेला की हात टेकायचे नाहीत, मनगट जातं. दोन्ही ढोपरं पॅडवर टेकवून बाकावरून घसरत खाली यायचं. चांगले शिक्षक पहिले तास हेच घेतात, फळीशिवाय. नुसतं चढायचं, पळायचं आणि ढोपरावर घसरायचं. एका वेळी रॅम्पवर एकच मुलगी. आसपास कुणी मोठं माणूस हवंच. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून समज येते, पण एकटीनं घरच्या गच्चीवर प्रयोग नकोत. शिकवणारं गावात कुणी नसेल तर सुट्टीत चार दिवस जिथं स्केटपार्क आहे तिथं दोन-तीन मुलींना आयांसकट पाठवा. बेंगळुरूमध्ये २०१३ साली स्केटबोर्ड चालवणाऱ्या तरुणांनीच हातानं सिमेंट ओढून स्केटपार्क उभा केला होता, तेव्हापासून देशात अशी मंडळी वाढत गेलीत. परत आलेल्या मुली बाकीच्यांना शिकवतील. पोहणं आपण विहिरीत असंच शिकलो ना, थोरलीनं धाकटीला?

आणि कोल्हापुरानं 'हे आपलं नाही' असं कधीपासून म्हणायला सुरुवात केली? शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्या धर्तीवर आपल्याकडं खासबाग मैदान उभं राहिलं, १९१२ साली. मध्ये खोलगट आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. नेमबाजी तरी आपल्या गल्लीतला खेळ होता का? पण तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं. आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. या प्रत्येकाच्या घरी पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलंच असेल, 'हे काय नवीन?' त्यावर घरातल्या कुणीतरी 'करू दे की' म्हटलं, म्हणून पुढचं घडलं.

सगळ्याच मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत. जाऊही नयेत. शंभरातल्या नव्व्याण्णव जणी चार-दोन वर्षं खेळतील आणि सोडतील. पण काठावर उभं राहून, खाली बघून, भीती वाटत असताना पुढच्या पायावर भार टाकायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असेल. पुढं नोकरीच्या मुलाखतीत, सासरच्या बैठकीत, बँकेच्या साहेबासमोर, ती कामाला येईल. हे मला कुठल्याही ग्रेस मार्कांपेक्षा मोलाचं वाटतं.

तेव्हा तुमच्या घरात अशी मागणी आली तर 'बघू' म्हणू नका. 'बघू' म्हणजे नाही, हे मुलींना कळतं. या रविवारी तीन गोष्टी करा. तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघी शोधा. सपाट कोब्याची जागा हेरून तिथल्या लोकांशी वेळ ठरवा. आणि पॅड-हेल्मेट आणा, फळीच्या आधी. मग तिथं जाऊन बसा, भाजी निवडायची असली तर घेऊन जा हवी तर. ती पडेल. धावत सुटू नका, दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा ती आठव्या आकड्याला उठलेली असते. गुडघ्यावर एखादा डाग राहील. राहू दे.